पैसे दिलेल्या वस्तूचं भाडं

अंकुशनगर म्हणजे कारखाना. अंबड तालुक्यातल्या महाकाळा शिवारात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांच्या नावानं ही वसाहत ओळखली जाऊ लागली. इथली उधारी-वसुली गाळपाच्या हंगामावर चालते. जूनमध्ये कपाशीचं बी, खत, औषध वहीवर जातं आणि उसाचं बिल बँकेत पडलं की माणसं कृषी सेवा केंद्रात येऊन म्हणतात, "माझं खातं काढा." तेव्हा हातात छापील उतारा लागतो, तोंडी हिशोबावर वाद होतात. बिलिंगच्या प्रोग्रॅमनं मला अडवलं ते याच दिवसांत.

2017 पर्यंत माझं खत-बियाण्याचं दुकान बिलबुकावर चालत होतं. 1 जुलैला जीएसटी आला. खतावर 12 टक्के लागणार असं ऐकत होतो, तर 30 जूनला, म्हणजे आदल्या दिवशी, तो दर 5 वर आला. औषधावर 18, बियाण्यावर शून्य. एकच शेतकरी युरिया, कीटकनाशक आणि कपाशीची पाकिटं एकदम नेतो, म्हणजे एका बिलात तीन दर. हातानं हे जमेना. जालन्याहून एक विक्रेता आला, त्यानं प्रोग्रॅम दाखवला. किंमत 18,000, वर 18 टक्के कर, एकूण 21,240 रुपये. रंगीत माहितीपत्रकावर छापलं होतं: एकदाच भरा, कायम वापरा. खाली सोयी दिल्या होत्या. मराठीत बिल, औषधाचा बॅच नंबर आणि मुदत, खातेउतारा. कंपनीचं नाव इथे देत नाही. असला व्यवहार करणारी ती एकटी नाही.

चार वर्षं काम झकास चाललं. एप्रिल 2021 पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक, घालणं लहान दुकानदारांनाही बंधनकारक झालं, त्यासाठी अपडेट आलं. कंपनीच्या माणसानं एनीडेस्कवरून, म्हणजे लांबूनच माझा संगणक चालवून, ते टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी पहिलं बिल काढलं तर सगळं इंग्रजीत. सेटिंगमध्ये 'प्रादेशिक भाषा' या ओळीपुढे छोटं कुलूप दिसत होतं. फोन लावला.

"सर, ते फीचर आता प्रीमियममध्ये गेलंय."

"गेलंय म्हणजे? माझ्याकडं होतं ना ते."

"होतं सर, पण जुन्या व्हर्जनमध्ये."

"मग जुनं परत टाकून द्या."

"जुन्याला आता सपोर्ट नाही सर."

पोरगा नम्र होता. त्याला पगार मिळतो तो हेच बोलण्यासाठी, त्याच्यावर कशाला चिडायचं.

माझा जुना विंडोज 7 वाला संगणक गोदामात पडलेला आहे. तो चालू केला तर त्यातून मराठी बिल आजही निघतं. शहागडच्या एका दुकानदारानं प्रीमियमचे पैसे भरले तेव्हा मी शेजारी बसलो होतो. नवी फाइल उतरली नाही, काही बसवलं गेलं नाही. मोबाइलवर एक क्रमांक आला, तो टाकला आणि कुलूप गेलं. म्हणजे माल आमच्याच संगणकात होता. विहिरीवर मोटार आपली, केबल आपली, आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार.

मराठी बिलाचं एवढं काय, असं शहरातला माणूस विचारील. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे शेतकऱ्याला पावती, पिशवी आणि टॅग दाखवावा लागतो. पावतीवर काय लिहिलंय, लॉट नंबर पिशवीवरच्याशी जुळतो की नाही, हे त्याला काउंटरवरच वाचता आलं पाहिजे. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक, वय सत्तरीपुढचं, इंग्रजी बिल हातात धरून म्हणाले, "काहून रे, मराठी बंद झालं का तुझ्याकडं?" मी त्यांना प्रीमियम समजावत बसलो नाही. बॉलपेननं बाजूला मराठीत नावं लिहून दिली, आणि त्या हंगामात बरीच बिलं तशीच गेली.

खरा तिढा पुढच्या मार्चअखेरीला पडला. 31 मार्चची शिल्लक नव्या वर्षात ओढायला गेलो तर पडद्यावर चौकट: नवीन आर्थिक वर्ष उघडण्यासाठी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल शुल्क, भरा. 6,500 अधिक कर, 7,670 रुपये. दारात उसाचं बिल घेऊन आलेली माणसं, त्यांचा हिशोब आतमध्ये, आणि वर्ष उघडत नाही. अंबडचे आमचे सीए म्हणाले, "भरून टाका, खर्चात धरता येतं." सीएला सगळंच खर्चात धरता येतं. 266 रुपये 50 पैशांच्या युरियाच्या गोणीमागं आमच्या हातात किती उरतं, ते त्यांनाही ठाऊक आहे. पैसे भरले, कारण वसुली थांबवणं परवडणारं नव्हतं. नेमकी हीच वेळ त्यांनी धरली होती.

कंपनीची बाजूही मी समजून घेतो. सरकारनं नियम बदलले की कुणीतरी बसून प्रोग्रॅम बदलतो. महाराष्ट्रात मे 2018 मध्ये राज्यांतर्गत ई-वे बिल आलं. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना होतं, ते ऑगस्ट 2023 पर्यंत 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यापर्यंत खाली आलं. 22 सप्टेंबर 2025 ला सूक्ष्म अन्नद्रव्यं, काही जैविक कीटकनाशकं, ठिबकचं साहित्य 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, रासायनिक औषधं 18 वरच राहिली. हे सगळं फुकट करून द्या, असं मी म्हणणार नाही. नव्या कामाचे पैसे मागा, देतो. पण 2017 साली मोजून घेतलेली मराठी काढून घेऊन तीच पुन्हा विकायची, आणि एप्रिल महिना उजाडतो त्याचेही पैसे घ्यायचे, याला मी सेवा म्हणत नाही. एप्रिल काही त्यांनी तयार केलेला नाही.

भाच्यानं एकदा मोबाइलवर बातमी दाखवली होती. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूनं दक्षिण कोरियासारख्या काही देशांत गाडीत आधीच बसवलेली गरम होणारी सीट चालू करायला महिन्याचं भाडं लावलं. लोकांनी एवढी छी-थू केली की पुढच्याच वर्षी कंपनीनं ते मागं घेतलं. कोटभर रुपयांच्या गाडीतल्या माणसाचं आणि माझं दुखणं एकच निघालं, याचं मला हसू आलं. फरक एवढाच, की त्याची ओरड जगभर छापून येते.

मी कंपनीकडे लेखी तक्रार केली, माहितीपत्रकाचा फोटो जोडला. उत्तर आलं की आपण व्यावसायिक ग्राहक आहात, ग्राहक कायदा आपल्याला लागू नाही. हे अर्धंच खरं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्यानं स्वतःच्या वापरासाठी घेतलेली वस्तू या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे, म्हणजे तिला कायदा लागू होतो. एकट्यानं दुकान चालवणारा माझ्यासारखा माणूस या अपवादात बसतो, एवढं मी त्यांना उलट कळवलं. मग सूर बदलला. 'जुने ग्राहक' म्हणून प्रीमियमवर सवलत देऊ केली. मी ती घेतली नाही. सवलतीनं का होईना, आपलीच वस्तू दुसऱ्यांदा विकत का घ्यायची?

आता उधारीची खाती मी त्या प्रोग्रॅममधून काढली आहेत. काढताना आणखी एक गोष्ट समजली: गिऱ्हाइकांची नावं एका बटणात बाहेर येतात, पण नोंदींसाठी 'डेटा मायग्रेशन'चे वेगळे पैसे लागतात. भाच्यानं आणि मी दिवाळीच्या सुट्टीत उतारे बघून सगळ्या शिल्लक रकमा लिबरऑफिसच्या तक्त्यात हातानं चढवल्या. ते फुकट मिळतं, मराठी नीट छापतं आणि एप्रिलमध्ये काही मागत नाही. विवरणपत्रासाठी जीएसटीच्या पोर्टलवरचं ऑफलाइन साधन आहे, तेही विनामूल्य. बॅचवार साठ्यासाठी मात्र कंपनीचाच प्रोग्रॅम अजून वापरावा लागतो. तेवढ्यापुरती त्याची एएमसी भरतो, कुरकुरत.

खत-औषधवाले असोत, मेडिकलवाले असोत की किराणावाले, नवा प्रोग्रॅम घेताना विक्रेत्याकडून दोन गोष्टी बिलावरच लिहून घ्या: आज दिसणाऱ्या सोयी पुढे कुलपात जाणार नाहीत, आणि आपल्या नोंदी आपल्याला कधीही विनाशुल्क बाहेर काढता येतील. तो लिहून द्यायला तयार नसेल तर वर्षाचं भाडं किती पडेल ते विचारा आणि त्या हिशोबानं घ्यायचं की नाही ते ठरवा. आधीच घेतलेलं असेल तर जुनं बिल आणि माहितीपत्रक रद्दीत टाकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथं मराठीत बोलता येतं.