कागदाची मागची बाजू

काल धडगावच्या वरच्या एका पाड्यावर बैठक झाली. समाजसहभागाच्या २ श्रेयांकांच्या विषयाचा कच्चा आराखडा घेऊन गेलो होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची चौकट हाताशी होती. जानेवारीत क्षेत्रकार्य, मग सर्वेक्षण, मग अहवाल.

एका आजीने विचारलं, "जानेवारीत गावात भेटणार कोण, सर?"

दिवाळी झाली की कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. माणसं परततात ती होळीला. तिथल्या एका संस्थेच्या कार्यकर्त्याने माझाच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गावाचं वर्ष मांडलं: ऊसतोड, होळी, मोहफुलं, पेरणी, भगरीची कापणी. माझ्या वेळापत्रकात यातलं काहीच नव्हतं. मला फार लागलं ते.

खरं तर गावाच्या जगण्यातून अभ्यास घडवणं या भागाला नवीन नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदाकाठी चिमलखेडी, निमगव्हाणला नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा उभ्या राहिल्या. तिथे मुलांची बोली, जंगल, नदी अभ्यासात आली. आपण विद्यापीठवाले मात्र अजूनही लोकांना नुसते 'माहिती देणारे' समजतो. हे चूक आहे.

मग बैठकीत अभ्यासाचे विषय गावानेच दिले: सामूहिक वनहक्काच्या हद्दीचा नकाशा आणि सिकलसेलची तपासणी कुणाची राहिली, याची नोंद. अहवाल आधी ग्रामसभेत, पावरीतून वाचायचा. ५० पैकी २० गुण गावाने द्यावेत, असा प्रस्ताव मी अभ्यास मंडळापुढे ठेवणार आहे.

पुढची बैठक होळीनंतर, पाड्यावरच.