दोन श्वासांमधलं वाक्य

ॲम्ब्युलन्सच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या हातात हातानं दाबून श्वास देण्याची अंबू बॅग देते आणि म्हणते, दोन मिनिटं श्वास द्या. सरावाचा पुतळा टेबलावर, घड्याळ माझ्या हातात. समजावून काहीच सांगत नाही. समोर नुकतीच बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुलं-मुली, दोन-चार नर्स आणि मागच्या बाकावर पायलट. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला आमच्याकडे पायलट म्हणतात. हे नाव मला मनापासून आवडतं. दोन मिनिटांत वीस-चोवीस वेळा बॅग दाबली की पुरे. पण साठाच्या खाली क्वचितच कुणी येतं. गेल्या बॅचमधल्या एका मुलीनं एकशे दहा वेळा दाबली. घामानं डबडबून तिनं माझ्याकडे पाहिलं ते शाबासकीसाठीच. तिचं काय चुकलं हे त्या क्षणी सांगणं माझ्या जिवावर आलं.

कारण तिचं मन अगदी जागेवर होतं. समोरचा माणूस श्वास घेत नाही म्हटल्यावर आपल्या हातात जेवढं आहे तेवढं सगळं त्याला द्यावं, असंच वाटणार. हात धावतो तो मायेपोटीही धावतो आणि भीतीपोटीही. शिकलेल्यांचाही धावतो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ॲम्ब्युलन्सवरच्या प्रशिक्षित लोकांना प्रत्यक्ष काम करताना पाहून २००४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या रुग्णांना ते मिनिटाला सरासरी ३० श्वास देत होते. पुन्हा शिकवलं, तरी वेग हवा तेवढा उतरला नाही. मी हे वर्गात सांगते ते मुलांना धीर यावा म्हणून. आणि मला स्वतःलाही, कारण वर्षानुवर्षं हीच एक गोष्ट शिकवत असून ती पुन्हा पुन्हा हातातून निसटते.

घाई केली की नेमकं काय होतं, ते फळ्यावर काढून दाखवते. मोठ्या माणसाच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते. एका वेळी लागते अर्धा लिटरच्या आसपास. म्हणजे एका हातानं, छाती जेमतेम वर येईल इतकंच दाबायचं. त्याहून जास्त आणि भराभर दिलं की छातीतला दाब उतरतच नाही, आणि हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. उरलेली हवा अन्ननलिकेतून पोटात शिरते, पोट ढोलासारखं फुगतं, उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरते. श्वास देणाऱ्या हातानंच श्वास बुडतो. हे सगळ्यांना लगेच पटतं. दुसऱ्या फेरीत मोजावं तर पुन्हा पन्नास.

पटणं आणि हातात येणं यांतलं अंतर आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी ओळखलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय योग्यासूत्रीय. आमच्या मुलांनी तो परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळ्यावर, दुध्यावर, कलिंगडावर. पट्टी बांधायची ती कापडाच्या भरीव माणसावर. सगळं शास्त्र वाचलं आणि हा सराव केला नाही, तर तो शिष्य कामाला अयोग्य. तो कापडी माणूस आठवला की पुतळ्यासमोर बसायला लाजणारी मुलं जरा सावरून बसतात. हल्लीचा पुतळा नॉर्वेतल्या लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदारानं १९६० साली घडवला, पण कल्पना आपल्याला परकी नाही. (याच संहितेच्या कल्पस्थानात सर्पदंशाच्या चार अंगुळं वर बंध बांधायला सांगितलंय, आणि दर बॅचला कुणीतरी ते काढतंच. मी सांगते, त्या वैद्यांच्या हाती प्रतिविष नव्हतं, आपल्या हाती आहे. सुतळीनं करकचून बांधलेला पाय काळानिळा पडलेला मी पाहिलाय. बांधू नका.)

मास्क धरायला शिकवण्यात एक अख्खी दुपार जाते आणि ती जायलाच हवी. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली. सगळेजण मास्क चेहऱ्यावर दाबतात. दाबायचा नसतोच, जबडा मास्ककडे उचलून आणायचा असतो. करंगळी जबड्याच्या कोपऱ्यात बसली आणि हनुवटी वर आली की आतली वाट उघडते, आणि पुढच्या दाबाला छाती अशी काही अलगद उचलते की मुलांच्या चेहऱ्यावर ते उमटतं. बोटं हाडावर हवीत, हनुवटीखालच्या मऊ भागावर नकोत. तिथं दाबलं तर जीभच मागं ढकलली जाते. दात नसलेल्या म्हातारीचे गाल आत गेलेले असतात, हवा कडेनं फुसफुसते. कवळी घट्ट बसलेली असेल तर ती काढू नका. दाढीवाल्याच्या गालावर थोडी जेली लावा. हे सगळं बोटांनी शिकायचं. मी त्यांची बोटं माझ्या हातात धरून बसवते, जशी आईनं माझी बोटं मोदकाच्या पारीवर बसवली होती.

राज्यात १०८ ही ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली ती २०१४ च्या जानेवारीत. तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत, ७०४ मूलभूत. प्रगत गाडीत व्हेंटिलेटर असतो. मूलभूत गाडीत त्याचं काम हातच करतो. घाटातून दीड तास.

हे दीड तासाचं प्रकरण मी शिकले ते त्याच्याही आधी, २०१२ च्या पावसाळ्यात. तेव्हा मी एका संस्थेच्या ॲम्ब्युलन्सवर होते. राजापूर तालुक्यात, पाचलच्या पलीकडच्या एका वाडीतला चाळिशीचा शेतकरी. रात्री पडवीत जमिनीवरच झोपलेला. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या, घरच्यांना वाटलं खाण्यात काही आलं. मग पापण्या मिटायला लागल्या, मान सावरेना, गिळता येईना. दंशाची खूण सापडली नाही. मण्यार अशीच चावते. रात्री, झोपेत, फारसं न दुखता. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी बरोबर ओळखलं, एएसव्ही, म्हणजे प्रतिविष, सुरू केलं, आणि श्वास उथळ व्हायला लागला तसा आम्हाला बोलावून रत्नागिरीकडे धाडलं. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. एकदा लकवा पसरला की औषध तो मागं फिरवू शकत नाही. ती टोकं पुन्हा उगवेपर्यंत, म्हणजे कित्येक दिवस, कुणीतरी त्या माणसाचा श्वास चालवायचा, एवढंच. तेवढं केलं तर माणूस जवळजवळ पूर्ण बरा होतो. याहून साधा आणि याहून कठीण उपचार मला माहीत नाही.

ओणीला हमरस्त्याला लागलो तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. मी बॅग सुरू केली. लांज्याच्या अलीकडे मी त्याच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या, हलत नव्हत्या. हात उचलून सोडला तर दगडासारखा खाली. नाडी मात्र चांगली लागत होती, म्हणून बॅग चालूच ठेवली. पण त्याच्या धाकट्या भावाला मी म्हणाले, "आता काही राहिलं नाही असं वाटतंय. घरी कळवून ठेवा." भावानं तिथंच, स्ट्रेचरला टेकून, घरी फोन लावला.

तो वाचला. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. नवव्या दिवशी मी बघायला गेले तर उशीला टेकून पेज पीत होता. घशातल्या नळीनं आवाज घोगरा झालेला. म्हणाला, "बाय, तुम्ही म्हणालात ते सगळं ऐकायला येत होतं. डोळे उघडेनात, बोट हलेना, पण सगळं ऐकायला येत होतं." त्यानं राग धरला नव्हता, आणि तेच मला सोसवेना. मी माफी मागितली. त्यानं मान हलवली आणि आपलंच पुढं सांगू लागला. मध्येच तुम्ही भराभर हवा मारत होतात तेव्हा छाती फुटते की काय वाटायचं. हळू द्यायचात तेव्हा बरं वाटायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडी कुठं पोचली ते कळत नव्हतं. वळणं मोजत होतो, पण अंजणारीच्या घाटात चुकलो. "लांजा गेलं, पाली आली, एवढं जरी कोणी बोललं असतं तरी धीर आला असता."

मण्यारीच्या लकव्यात डोळ्यांचे स्नायूही जातात आणि बाहुल्याही हलेनाशा होतात, मेंदू मात्र जागा असतो. पुस्तकात हे होतं. मी वाचलेलंही होतं. पण टॉर्च मारला तेव्हा समोर दिसलं ते बाहुल्यांचं लक्षण, आणि माणूस नजरेआड झाला. तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. परीक्षेच्या कागदावर वीसेक चौकटी असतात: ऑक्सिजन जोडला, नाडी पाहिली, कॉलर लावली. रुग्णाशी बोलणं ही त्यातली एक, अर्ध्या गुणाची. मी ती अर्ध्या गुणाची मानत नाही. रुग्णाच्या अंगावरून, तो नसल्यासारखं कुणी बोललं की बाकीच्या साऱ्या चौकटी भरल्या तरी मी नापास करते. काही जणांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

त्या शेतकऱ्यानं घेतलेल्या गावांच्या नावांनी मला आणखी एक गोष्ट दिली, आणि ती मी मागितलेली नव्हती. एका दुपारी वर्गात बॅग दाखवताना मी सहज पुतळ्याशी बोलत होते: "तात्या, आपण वाटूळ सोडलं, आता लांजा येईल, मी तुमच्या उशालाच आहे." मागच्या बाकावरचा पायलट घड्याळ बघत होता. म्हणाला, "मॅडम, तुमचे बरोबर दहा पडतायत." खरंच पडत होते. दाबायला एक सेकंद, हात सैल सोडायचा, एक वाक्य बोलायचं, पुन्हा दाबायचं. न घाबरता बोललेलं एक मराठी वाक्य चार-पाच सेकंद घेतं. दर पाच-सहा सेकंदांना एक श्वास, जो आकडे मोजून, टाळ्या वाजवून, ओरडून कधी हातात उतरला नव्हता, तो आपसूक उतरला. घाबरलेला माणूस आकडे भराभर मोजतो. पण दुसऱ्याला धीर देणारं वाक्य भराभर बोलताच येत नाही. तसं बोलायला गेलं तर आपल्याच कानाला ते खोटं वाटतं.

आता मी तसंच शिकवते. एकशे दहा वेळा दाबणाऱ्या त्या मुलीला पुतळ्याशी बोलायला सांगितलं तेव्हा ती संकोचून गप्प उभी राहिली. मी म्हटलं, तुझे आजोबा आहेत समज. ती म्हणाली, "आबा, मी आहे." दाबलं. "आबा, आई पण येतेय मागच्या गाडीनं." दाबलं. दोन मिनिटांनी तेवीस. तिचे डोळे भरून आले होते, हात मात्र सावकाश चालला होता.

पुढं हेच नातेवाइकांनाही लागू पडतं असं दिसलं. मास्क दोन्ही हातांनी धरला तर हवा गळत नाही, पण मग बॅग दाबायला तिसरा हात हवा, आणि मागं गाडीत तो हात बहुधा भावाचा नाहीतर मुलाचा असतो. मी विद्यार्थ्यांना सांगते, त्याला दूर बसवू नका, बॅग द्या. कसं दाबायचं हे समजावत बसू नका. त्याला म्हणा, दादाशी बोल. बोलणं झालं की एकदा दाब. पुन्हा बोल. ज्याचे हात थरथरत असतात तो पाच मिनिटांत लयीत येतो. २०१२ साली त्या धाकट्या भावाच्या हातात मी फोन दिला. बॅग द्यायला हवी होती.

शेवटच्या दिवशी पुतळा स्ट्रेचरवर बांधून आम्ही खऱ्या गाडीतून खऱ्या रस्त्यानं निघतो. वर्गात जमलेली लय पहिल्या खड्ड्यात मोडते. गुडघा स्ट्रेचरच्या पट्टीला टेकवून अंग कसं अडकवायचं, ते तिथंच शिकायचं. यंदा मागं बसलेला मुलगा यवतमाळकडचा होता. बोलायला लागला आणि अडला, कारण या वाटेवरची गावंच त्याला ठाऊक नव्हती. त्यानं खिडकीतून पुढं हाक मारली, "दादा, आता कुठलं येईल?"

"ओणी," पायलट म्हणाला.

"काका, ओणी येतंय आता," मुलानं पुतळ्याला सांगितलं आणि बॅग दाबली.

त्यानंतर त्याला विचारावं लागलं नाही. पायलट वेग कमी करायच्या आधी एक शब्द मागं टाकायचा, वळण, खड्डा, ब्रेक, आणि प्रत्येक गावाच्या पाटीशी त्या गावाचं नाव. वाटूळ. लांजा. अंजणारीचा उतार लागला तेव्हा त्यानं गिअर बदलला आणि आवाज थोडा चढवून म्हणाला, "घाट आलाय, काका. सात-आठ वळणं आहेत, मी सावकाश घेतो."