पोरांसाठी पाच नॉट

मार्चमधल्या मेडिकलनंतर चष्मा बदलला. दुकानदाराने प्रोग्रेसिव्ह काचा घातल्या. वर लांबचं, खाली जवळचं. कॉकपिटमधले आकडे लख्ख दिसायला लागले आणि धावपट्टी हातभर वर आली. पहिल्याच लँडिंगला मी नाक दहा फूट आधी उचललं. विमान हवेत लोंबकळलं, मग धपकन खाली आलं. शेजारी बसलेली माझी को-पायलट काही बोलली नाही. चेकलिस्ट वाचायला लागली. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्रेसष्ट संपत आलं. पासष्टला आपल्याकडे हा धंदा बंद होतो. तेव्हा आता खोटं बोलण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. गेली वीस वर्षं मी उतरताना रेफरन्स स्पीडपेक्षा, म्हणजे पुस्तकात दिलेल्या वेगापेक्षा, पाच नॉट जास्त घेऊन येतो. वाऱ्याचे घ्यायचे ते वेगळे. हे पाच माझे. आमच्यात जुना विनोद आहे: पाच बायकोसाठी, पाच पोरांसाठी. माझ्या पोरांची लग्नं झाली, थोरली कॅनडात आहे, पण तिचे पाच नॉट मी अजून काढलेले नाहीत.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे विमानाच्या मालकांनी टेबलावर टाकलेली दोन माहितीपत्रकं. आमचं सरळ पंखाचं सायटेशन म्हातारं झालंय, नवं काय घ्यायचं? एकीकडे फेनम ३००ई, कमाल वेग ४६४ नॉट. दुसरीकडे स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-२४, वेग ४४०, पण छोट्या पट्टीवर उतरतं, गवतावर आणि खडीवरही उतरतं, आणि मागे टेम्पोसारखा मालाचा दरवाजा. मालक म्हणाले, ‘कॅप्टन, फास्ट कुठलं ते सांगा.’ मी कागदावर गणित मांडून दाखवलं. मुंबई-दिल्ली साधारण ६२० नॉटिकल मैल. एकाला ८० मिनिटं, दुसऱ्याला साडेचौऱ्याऐंशी. साडेचार मिनिटांचा फरक, तोही सगळा रस्ता कमाल वेगाने गेलात तर. दहा हजार फुटांखाली सगळ्यांनाच २५० नॉट, आणि मुंबईत उतरायला नंबर कितवा लागतो ते विमानाच्या पंखावर ठरत नाही. मालक हसले. पण डोळे फेनमच्याच फोटोवर होते. त्यांना नावं ठेवणार नाही, माझेही तिथेच होते.

मागे झुकलेल्या पंखाचं वेड काय असतं ते मला ठाऊक आहे. वीसेक वर्षांपूर्वी टर्बोप्रॉप किंग एअरवरून उठून मी प्रीमियरवर बसलो. बीचक्राफ्टचं छोटं जेट, ४५० नॉटच्या आसपास पळायचं, अंगावर एक रिव्हेट दिसायचा नाही. किंग एअरला सव्वादोन तास लागायचे तिथे दीड तासात. तेव्हा हँगरमध्ये सायटेशनवाले दिसले की मी जुना विनोद टाकायचो, ‘काय, आज पक्षी मागून येऊन धडकला का?’ हा विनोद माझा नाही, त्या विमानाइतकाच जुना आहे. १९६३मध्ये बिल लिअरने स्विस लढाऊ विमानाच्या पंखावरून पहिलं लिअरजेट उडवलं आणि खासगी जेट म्हणजे वेग हे लोकांच्या डोक्यात बसलं. सहा वर्षांनी सेसनाने सरळ पंखाचं सायटेशन आणलं. साडेतीनशे नॉट. नाव ठेवलं रेसच्या घोड्याचं, १९४८च्या ट्रिपल क्राउन विजेत्याचं. बाकीच्यांनी टिंगल केली. सेसनाने ती निमूट ऐकून घेतली आणि विमानं विकत राहिली, कारण ज्याच्या गावाला चार हजार फुटांची पट्टी आहे त्याला ते पुरायचं. (पुढे त्याच घराण्यात सायटेशन टेन निघालं, आवाजाच्या वेगाच्या ०.९२ पट पळणारं. टिंगल कुठेतरी लागली असणार.)

छोट्या पट्टीचं हे गणित मला कळत नव्हतं असं नाही. पण माझ्यापाशी एक गोष्ट होती, तिने कळू दिलं नाही. माझं लँडिंग. मऊ. चाक कधी टेकलं ते प्रवाशाला समजायचं नाही. नांदेडपासून गोव्यापर्यंत माझी ख्याती होती. एका उद्योगपतींनी तर चार्टर कंपनीला सांगून ठेवलं होतं, की लोण्यासारखं उतरवतात तेच कॅप्टन पाठवा. आणि ते लोणी कशाचं होतं? त्या जास्तीच्या पाच नॉटचं. पाच नॉट हाताशी असले की पट्टीवर तरंगत राहता येतं, एकेक इंच खाली सोडता येतं. ११५ नॉटला विमान सेकंदाला जवळजवळ दोनशे फूट जातं. तीन सेकंद तरंगलात की सहाशे फूट पट्टी मागे गेली. तीन हजार मीटरच्या काँक्रीटवर सहाशे फूट कोण मोजतो?

मराठवाड्यात एकदा मोजले. सप्टेंबर, नुकताच पाऊस पडून गेलेला, साडेपाच हजार फूट पट्टी. वाऱ्याचे पाच, पोरांचे पाच, म्हणजे ११५च्या जागी १२५. ऊर्जा वर्गाने वाढते, म्हणजे ब्रेकला अठरा टक्के जास्त काम. तरंगलो, सवयीने मऊ टेकवलं. ओल्या पट्टीवर मऊ टेकवणं म्हणजे चाकाखाली पाण्याची चटई अंथरून देणं. चाक फिरतच नाही. प्रीमियरला उलट्या जोराची सोय नव्हती, सगळी भिस्त पंखावरच्या स्पॉयलरवर आणि ब्रेकवर. पेडल जमिनीला टेकले आणि काहीच झालं नाही. मग एकदम चाकांनी पट्टी धरली. थांबलो तेव्हा पुढे तीनशेएक फूट उरले होते आणि त्यापलीकडे म्हशी. मागून टाळ्या वाजल्या. ‘काय लँडिंग केलंत!’ मी मागे वळून मान लववली. पाय थरथरत होते ते टेबलाखाली असल्यासारखे लपले. ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नव्हती.

आणि तरी पाच नॉट काढले नाहीत. ही यातली खरी गाठ आहे. हिशोब मला पाठ होता. चार्टरच्या नियमात मिळणाऱ्या पट्टीच्या साठ टक्क्यांत विमान थांबलं पाहिजे, ओल्याला वर पंधरा टक्के. म्हणजे पुस्तकात २,४०० फूट लिहिले असतील तर कोरडी पट्टी ४,००० हवी आणि ओली ४,६००. पण पुस्तकातले ते २,४०० कुणाचे? उंबरठ्यावर बरोबर पन्नास फुटांवर, बरोबर रेफरन्स स्पीडला येऊन ठाम टेकवणाऱ्याचे. माझे नव्हेत. पुढे प्रीमियर सोडून मीच सायटेशनवर आलो, आणि ते छोट्या पट्टीचं विमान मोठ्या पट्टीच्या हाताने उडवत होतो. सगळीकडे चालणारं विमान मालकाने विकत घेतलं होतं आणि माझ्या कौतुकापायी त्याची अर्धी गावं मी बंद करून टाकली होती. ‘पट्टी ओली आहे साहेब, नाही जमायचं.’ मोठ्या जबाबदारीने सांगायचो.

जूनमध्ये त्याच छोट्या पट्ट्यांतल्या एकीवर को-पायलटने उतरवलं. साडेचार हजार फूट, कोरडी. १०५ला १०५. काटा हलला नाही. उंबरठा ओलांडला, पॉवर काढली आणि ठण्ण. चष्मा नाकावरून घसरला. अर्ध्या पट्टीच्या आतच आमचा चालण्याचा वेग झाला होता. उतरताना मागे बसलेल्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. ‘कॅप्टन, हे तुमचं नव्हतं ना?’ मी म्हणालो, ‘नाही साहेब. शिकतेय अजून.’ ती पाच फुटांवर चाकांना ठोकळे लावून घेत होती. ऐकलं असणारच.

संध्याकाळी गाडीत म्हणाली, ‘सर, मी काही वेगळं नाही केलं. पुस्तकात १०५ होते, मी १०५ ठेवले.’ एवढंच. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आजच्या पोरांना नावं ठेवण्याचा आमच्या पिढीचा नाद आहे, मलाही आहे. सिम्युलेटरवर वाढलेली पोरं, पट्टीवर सोयाबीन वाळत घातलेलं त्यांनी पाहिलेलं नाही, उतरण्याआधी एक घिरटी मारून गाडी शिकणारी पोरं बाजूला झाली का ते बघायचं असतं हे माहीत नाही. सगळं खरं. पण त्यांना टाळ्यांचं व्यसन नाही.

मालकांना काय सांगायचं? पीसी-२४चीही मला भूल पडलेली नाही. मुरुमाच्या पट्टीवर उतरता येतं म्हणून लोक ते घेतील आणि कोट्यवधींच्या विमानाच्या पोटाला खडा लागेल म्हणून आयुष्यभर डांबरावरच उतरवतील. तीही एक ऐटच. पण दोन गोष्टी डोळ्यासमोरून जात नाहीत. एक, मे महिन्यातलं नागपूर. पट्टी हजार फुटांवर, पण ४४ अंशाला हवा इतकी विरळ होते की इंजिनाला ती पावणेपाच हजारांवर वाटते. विमानापुरतं नागपूर त्या दुपारी महाबळेश्वरपेक्षा उंच असतं. तिथे वेगाचं माहितीपत्रक घडी घालून ठेवावं लागतं. दुसरं, जळगावकडून आणलेला एक रुग्ण. आमच्या अरुंद दरवाज्यातून स्ट्रेचर आडवं जाईना. चौघांनी ते तिरकं केलं, सलाइनची बाटली नर्सने दातात धरली, आणि पायऱ्यांवर त्या माणसाचं डोकं खाली, पाय वर. हवेत आम्ही वेळ वाचवला असेल. तो वेळ दारातच गेला. ऑस्ट्रेलियाच्या फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसने पीसी-२४ का घेतलं हे मला त्या दारात कळलं.

मी पीसी-२४ लिहून दिलं. खाली एक ओळ जोडली: छोट्या पट्टीवर उतरवण्याचं प्रशिक्षण आधी को-पायलटला द्यावं, मला नंतर. मालकांनी अजून ठरवलेलं नाही. फेनमचं माहितीपत्रक त्यांच्या गाडीत दिसतं.

काचा मी बदलून घेतल्या, आता लांबची एकच. आकडे वाचायला ती आहे. मंगळवारी पुन्हा त्याच साडेचार हजार फुटांवर जायचं आहे, साहेब सोबत आहेत, आणि लँडिंग तिचं आहे.