आमचा जंगलवाला गेला

गेल्या महिन्यात आमचा मित्र गेला. नाव लिहीत नाही, फोटोही टाकत नाही. त्याला दोन्ही आवडलं नसतं. डोंबिवलीत वन रूम किचन, बँकेत नोकरी आणि तीस वर्षांचे बहुतेक रविवार येऊरला किंवा खाडीवर. बुद्धपौर्णिमेला प्रगणनेसाठी मचाणावर रात्र काढून यायचा. काय दिसलं विचारलं तर म्हणायचा, "दोन सांबर आणि भरपूर डास."

२०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यात कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, आठवतंय? आपण सगळे व्हिडिओ फॉरवर्ड करत होतो. "पकडून लांब सोडा" म्हणणाऱ्यांना हा न चिडता समजवायचा: एक उचलला की रिकाम्या जागेवर दुसरा येतो. त्यापेक्षा कचरा वेळेवर उचला. कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हेच तो पाड्यांवर सांगायचा आणि हेच सोसायटीच्या मीटिंगलाही.

खाडीवर मात्र तो चिवट होता. कांदळवनं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण मिळालं. त्या निकालाची झेरॉक्स याच्या पिशवीत कायम. डंपर रिकामा होताना दिसला की आधी नंबरप्लेटचा फोटो, मग वनखात्याच्या १९२६ वर फोन, मग लेखी तक्रार. "पोच घेतली नाहीस तर तक्रार केलीच नाहीस असं समज," हे आम्हाला शंभरदा ऐकवलं असेल.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसरचा. आम्ही पार्टी मागितली. तो म्हणाला, "पाटी लागली रे. आता पाटीमागचं सांभाळायचंय."

आमचं भांडण झालं ते ठाणे-बोरिवली बोगद्यावरून. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालं. ११.८ किलोमीटर, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. मी रोज घोडबंदर रोडला अडकणारा माणूस, मला बोगदा हवाय आणि आजही हवाय. त्याने मला विकासाचा गुलाम वगैरे म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "खोदलेली माती आणि दगड जाणार कुठे? खाडीच्या कडेला एक जरी डंपर आला तर तू फोन करशील?" मी हो म्हटलं होतं.

पोचपावत्यांच्या चार जाड फायली तो मागे ठेवून गेलाय. वहिनी म्हणाल्या, रद्दीत देणार नाही. आम्ही पाच जणांनी त्या वाटून घेतल्यात. कुठली तक्रार कुठे अडकलीय ते बघतोय, प्रत्येकीचा पाठपुरावा करणार. पाच जण कमी पडतात, कारण आम्ही सगळेच नोकरीवाले. एक तो होता तेव्हा कसं जमायचं देव जाणे.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, कुठलेही असा, महिन्यातला एक रविवार देता येणार असेल तर मेसेज करा. पक्ष्यांची नावं यायला हवीत असं काही नाही. अर्ज लिहिता आला आणि पोच मागायला लाज वाटत नसली की पुरे.