आज वार कोणता?

मंडळी, सत्तरी ओलांडली की आपली परीक्षा घ्यायचा अधिकार घरातल्या सगळ्यांना मिळतो. चष्मा सापडला नाही, नातवाला भलत्याच नावाने हाक मारली, की लगेच नजरानजर सुरू. एरवी ते हसण्यावारी जातं. मृत्युपत्राचा विषय निघाला की मात्र त्याच विसराळूपणाचा पुरावा होतो.

पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्यातून एक पक्कं कळलं, पाठांतर वेगळं आणि समज वेगळी. कविता घडाघडा म्हणणारी मुलं अर्थ विचारला की गप्प व्हायची. आणि दुसरी ओळच न आठवणारा एखादा अर्थ मात्र असा सांगायचा की आपण ऐकत राहावं!

कायदाही हेच मानतो. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा. त्याच्या ५९ व्या कलमात मृत्युपत्र करणारा सज्ञान हवा आणि त्याचं मन ठिकाणावर हवं, एवढंच म्हटलंय. दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तरी आपण काय करतोय हे कळत असलं की पुरे. एरवी भ्रमिष्ट असलेल्या माणसालाही मधल्या शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करता येतं. मात्र आजारपणामुळे किंवा नशेमुळे आपण काय करतोय हेच कळत नसेल, तर त्या वेळी नाही. जास्तीत जास्त वय किती, हे कुठेच लिहिलेलं नाही.

इंग्लंडमधला १८७० चा एक निकाल वकील मंडळी अजून सांगतात. बँक्स नावाच्या गृहस्थाला वाटे की एक मेलेला माणूस आपला पाठलाग करतो. तरीही त्याने भाचीच्या नावे केलेलं मृत्युपत्र न्यायालयाने मान्य केलं, कारण त्या भ्रमाचा वाटणीवर परिणाम झालेला नव्हता. मृत्युपत्र म्हणजे काय, आपलं काय काय आहे आणि आपल्यावर हक्क कोणाकोणाचा, हे समजतंय का, ते बघायचं.

हे सगळं मी शिकले ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे, अक्कामुळे. (भाच्याला विचारूनच लिहितेय.) ती तेव्हा चौऱ्याऐंशीची. राहतं घर आणि थोड्या ठेवी, एक मुलगा, एक मुलगी. भाच्याने वकिलांना घरी बोलावलं त्या दिवशी अक्काला लघवीच्या जंतुसंसर्गाचा ताप होता आणि ती काहीबाही बडबडत होती. म्हाताऱ्या माणसांना अशा तापात भ्रम होतो. भाचा म्हणाला, "सही तर करतेय ती." वकील म्हणाले, "सही येते म्हणून मृत्युपत्र होत नाही. आजी बऱ्या झाल्या की येतो." आणि चक्क निघून गेले.

तीन आठवड्यांनी आले ते सकाळी. संध्याकाळी अक्काचा गोंधळ वाढायचा, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं. चष्मा लावला का, कानातलं यंत्र चालू आहे का, ते बघितलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. मलाही! आत काय झालं ते अक्कानेच रात्री सांगितलं. वार विचारला, तो चुकला. मग "घर मुलाला द्यायचं ना?" असं न विचारता "आजी, कोणाला काय द्यायचं आणि का, ते तुमच्या शब्दांत सांगा" म्हणाले. अक्काने सांगितलं. मुलाच्या धंद्याला पूर्वीच पैसे दिलेत. मुलीने नोकरी सांभाळून माझं दुखणं काढलं. म्हणून घर दोघांत निम्मं आणि ठेवी मुलीला. आठवड्याने वकिलांनी पुन्हा तेच विचारलं. उत्तर तेच आलं. मग डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली, दोन साक्षीदारांसमोर सही झाली. डॉक्टरांची चिठ्ठी कायद्याने सक्तीची नाही, पण उपयोगी पडते.

अक्का गेल्यावर भाचा रागावला. "आईला वारसुद्धा सांगता येत नव्हता!" तेव्हा वकिलांनी आपली टिपणं काढली. प्रश्न आणि तिची उत्तरं, तिच्याच शब्दांत. त्याने दोनदा वाचली. वाईट वाटलं त्याला, पण आई भ्रमात होती असं म्हणायला जागा उरली नाही. बहीण-भावाचं बोलणं टिकलं.

खोलीत कोण आहे, हेही महत्त्वाचं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी (आपल्या साताऱ्याचे!) हे स्पष्ट केलं. ज्याला मोठा लाभ मिळायचा त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करायची जबाबदारीही त्याचीच.

तेव्हा मुलांनो, तुम्ही हे वाचता हे मला ठाऊक आहे. माझं इच्छापत्र बदलायची वेळ आली तर सकाळी विचारा, चष्मा आणि चहा देऊन. तुम्ही बाहेर बसा. वार चुकला तर चुकू दे. कोणाला काय आणि का, ते मला सांगता आलं नाही, तर मात्र माझी सही घेऊ नका. असलेलं जुनंच राहू द्या.

असो. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर जरूर कळवा.