औषधाच्या आधीं

साथीच्या किंवा युद्धाच्या प्रदेशांत वैद्यकीय मदत रवाना झाली, असें वाचलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम वस्तु उभ्या राहतात : औषधांच्या पेट्या, लसीच्या कुप्या, तंबू, विमानें. वर्तमानपत्रेंहि त्यांचेंच वजन आणि त्यांचीच संख्या छापतात. मी वैद्य नाहीं. माझीं तीस वर्षें महाविद्यालयांत वाङ्मय शिकविण्यांत गेलीं. परंतु ज्यांनीं अशी मदत केली त्यांचीं चरित्रें वाचण्याची मला पूर्वीपासून आवड आहे, आणि त्या वाचनावरून माझें असें मत झालें आहे कीं, पेटी गांवापर्यंत पोंचली म्हणजे मदत रोग्यापर्यंत पोंचली असें होत नाहीं. शेवटच्या चार पावलांचें अंतर उरतेंच, आणि तें कोणत्याहि वाहनानें कापतां येत नाहीं. तेथें रोग्यानेंच दार उघडावें लागतें.

याचा धडा शोधण्यास दूर जावयास नको. माझी आजी आपल्या आईकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगत असे. घरांत उंदीर पडला कीं गांव सोडून माळावर झोपड्या घालावयाच्या, हें त्या पिढीला पाठ झालें होतें. पण आजीच्या बोलण्यांत काखेंतल्या गांठीपेक्षां अधिक भय असे तें 'क्वारंटीन' या शब्दाचें. "तिकडे नेलेलें माणूस पुनः दिसत नाहीं, बाबा," असें ती म्हणे. सन १८९७ मध्यें पुण्यांत रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीनें गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर झडत्या सुरू केल्या. रोगी वेगळे काढावे, त्यांच्या सहवासांतील माणसांस निराळें ठेवावें, हा विचार त्या काळच्या शास्त्राला सोडून नव्हता. परंतु तो विचार बुटांसकट देवघरापर्यंत आला. मग लोक रोगी लपवूं लागले, आणि ज्या उपायानें साथ हटावयाची त्याच उपायाची लोकांनीं धास्ती घेतली. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें, तें सर्वांस ठाऊक आहे.

त्याच वर्षीं, त्याच पुण्याच्या परिसरांत दुसरीहि एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र यशवंत हे डॉक्टर होते. या मायलेकरांनीं गांवाबाहेर मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला. सावित्रीबाईंनीं तेव्हां साठी ओलांडली होती. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांनाच प्लेगनें गांठलें, आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. सरकारपेक्षां अधिक गुणकारी औषध त्यांच्याजवळ होतें असें नव्हे. प्लेगवर रामबाण औषध तेव्हां कोणाजवळच नव्हतें. पण आपल्यासाठीं जी बाई स्वतःचा जीव धोक्यांत घालते तिच्यापासून रोगी कशाला लपवील? मुंबईंत हाफकीन यांनीं आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजीं दुसऱ्यास देण्यापूर्वीं स्वतःला टोचून घेतली, त्यांतलें मर्महि हेंच होय.

जें साथीला लागू तेंच युद्धालाहि. १ सप्टेंबर १९३८ रोजीं पांच डॉक्टरांचें एक पथक मुंबईहून चीनला निघालें. जपाननें चीनवर स्वारी केली होती, आणि चिनी सेनापति चू तेह यांच्या विनंतीवरून काँग्रेसनें हें पथक पाठविलें होतें. डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी, आणि वयाची अठ्ठाविशीहि न गांठलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे ते पांच जण. एवढ्या अवाढव्य देशांत पांच डॉक्टर! हिशेबी मनुष्य हंसूनच सोडून देईल. कोटणीसांनीं मात्र हिशेब केला नाहीं. ते चिनी भाषा शिकले. वडील वारल्याची बातमी वाटेंतच आली, तरी ते परत फिरले नाहींत. १९४१ सालीं डॉ. बेथ्यून यांच्या नांवानें चाललेल्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. बेथ्यून हे कॅनडाचे शल्यवैद्य. शस्त्रक्रिया करतांना बोट कापलें, रक्त दूषित झालें आणि १९३९ मध्यें तेथेंच त्यांचा शेवट झाला. अशा मनुष्याचें काम पुढें चालविणें म्हणजे काय, हें कोटणीसांस कळत नव्हतें असें कसें म्हणावें? ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, अपस्माराच्या विकारानें ते गेले. त्यांची पत्नी ग्वो छिंगलान ही चिनी परिचारिका. मुलाचें नांव 'यिनहुआ' ठेवलें होतें. त्यांत 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. पुढें १९६२ सालीं त्याच दोन देशांत युद्ध झालें. तरी शीज्याच्वांग येथें कोटणीसांचें स्मारक आज उभें आहे.

हे जुने दाखले झाले, आतां शास्त्र फार पुढें गेलें, असें कोणी म्हणेल. शास्त्र पुढें गेलें हें खरें. पण २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची साथ पसरली तेव्हां पुण्याचीच कथा पुनः घडली. नखशिखांत झांकलेलीं अनोळखी माणसें येत, रोग्यास घेऊन जात, आणि कित्येकदां त्याचें प्रेतहि घरच्यांच्या दृष्टीस पडत नसे. लोक रोगी लपवूं लागले. गिनीमधील वोमे या गांवीं रोगाची माहिती देण्यास गेलेल्या पथकांतील आठ जणांस ठार मारण्यांत आलें. प्रेताला अखेरचें स्नान घालण्याच्या रूढींतून रोग फैलावत होता, हें खरेंच. पण नुसत्या बंदीनें ती रूढि थांबली नाहीं. नातेवाइकांस दुरून कां होईना उभें राहूं द्यावें, प्रार्थना होऊं द्यावी, गांवचींच माणसें पथकांत घ्यावींत, हें जेथें झालें तेथें दारें उघडूं लागलीं.

हा विश्वास शस्त्रधाऱ्यांनींहि राखावा लागतो. १८६४ च्या जिनीव्हा करारापासून जखमींना व त्यांच्या वैद्यांना अभय देण्याचें वचन राष्ट्रें देत आलीं आहेत. तरीहि ३ ऑक्टोबर २०१५ रोजीं अफगाणिस्तानांत कुंदूझ येथें 'मेदसँ साँ फ्राँतियेर' या संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकेच्या विमानानें हल्ला केला आणि ४२ माणसें मेलीं. रुग्णालयाचें ठिकाण संस्थेनें आगाऊ कळविलें होतें. इमारत पुनः बांधतां येते. पण रुग्णालयांत गेल्यास आपण सुरक्षित राहूं, ही जखमी माणसाच्या मनांतील खात्री कोणत्या गवंड्यानें बांधावी?

दूरच्या लोकांस नांवें ठेवणें सोपें असतें. २०२० सालीं आमच्याच इमारतींत करोनाच्या कक्षांत काम करणारी एक परिचारिका राहत होती. मार्च महिन्यांत गच्च्यांतून टाळ्या वाजविणाऱ्यांपैकींच कांहीं सुशिक्षित मंडळींनीं तिला पुढें निरोप धाडला कीं, साथ संपेपर्यंत दुसरीकडे सोय पाहावी. तळमजल्यावरच्या एका वृद्ध काकूंनीं मात्र रोज रात्रीं तिच्या दाराशीं जेवणाचा डबा ठेवण्याचा क्रम चालविला. त्यांस विचारलें तर म्हणाल्या, "अहो, ती दिवसभर परक्यांचें करते, तिचें कोणी करायला नको का?" दूरदेशीं धनादेश पाठविणें चांगलेंच आहे, आणि तें आपण करावेंच. पण मदत करणाऱ्याला आपल्या जिन्यावर वावरूं देणें, हीसुद्धां मदतच आहे, आणि ती आपणां पांढरपेशांस अधिक जड जाते.

गेल्या वर्षीं माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आतां डॉक्टर आहे, परदेशीं एका मदतपथकाबरोबर जाण्यापूर्वीं भेटावयास आली. तिनें सामानाची लांबलचक यादी दाखविली. तींतील निम्मीं नांवें मला समजलीं नाहींत. मग पिशवींतून एक लहानशी वही काढून ती म्हणाली, "सर, तिथल्या भाषेंतले पन्नास शब्द पाठ केले आहेत." कोठें दुखतें, पाणी घ्या, भिऊं नका, तुमचा मुलगा बाहेरच बसला आहे. ती यादी मी पाहिली न पाहिली असें केलें. पण वही मात्र पानन् पान वाचून पाहिली, आणि ही मुलगी तेथें उपयोगी पडेल अशी माझी खात्री झाली.