पायगाडीची वाट : कसबा ते पिंपरी

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होतें. वाड्यांत एकच सायकल असली तरी तिच्यावर सर्व कुटुंबाचा हक्क असे. पहाटे एक भाऊ तिच्यावरून दूध आणी, मग दुसरा कचेरी गाठी, सायंकाळीं तिसरा शिकवणीला निघे. ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणें तिची बैठक तेवढी खालीं-वर होई. त्या काळीं ‘दुचाकी’ म्हणजे सायकलच; आज तो शब्दही पेट्रोलवर धांवणाऱ्या गाड्यांनीं बळकावला आहे. तथापि सायकलनें कामावर जाणारा माणूस या शहरांतून नाहींसा झालेला नाहीं. त्याच्या अडचणी कोणत्या, हें समजण्यासाठीं कसब्यापासून पिंपरीपर्यंतची, आमच्या नित्य परिचयाची वाट वाचकांनीं आमच्यासमवेत एकदां आक्रमावी.

ही वाट सुमारें १४ किलोमीटरांची. शनिवारवाड्यावरून निघून नव्या पुलानें मुठा ओलांडावी, शिवाजीनगर मागें टाकावें, कीं वाकडेवाडीला जुना मुंबई रस्ता लागतो. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. भोंगा होण्यापूर्वीं दारांत पोंचण्यासाठीं पेठांतले कामगार कॅरिअरला डबा अडकवून याच रस्त्यानें थव्याथव्यांनीं जात.

चढ म्हणावा असा या वाटेवर फारसा नाहीं. खरा चढ वाऱ्याचा. पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून येतो आणि पिंपरीकडे जाणाऱ्याच्या छातीवर आदळतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें, उशीर झाला म्हणून घाई करणाऱ्याचा दमच आधीं संपतो. संध्याकाळीं तोच वारा पाठीशीं राहून घरीं पोंचवितो, एवढाच त्याचा उपकार. पावसाची अडचण निराळी. जुन्या घडणीच्या, सुमारें २० किलो वजनाच्या सायकलीची पोलादी धांव भिजली कीं ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरतात, आणि सायकल लवकर थांबत नाहीं. डबक्याखालीं खड्डा आहे कीं नाहीं, हें चाक आंत गेल्यावरच कळतें. रेनकोट घातला तर घामानें भिजावें, न घातला तर पावसानें; म्हणून दुसरा सदरा डब्याशेजारीं बांधून नेणें हाच शहाणपणा.

परंतु ऊन, वारा आणि पाऊस यांची संवय होते; संवय होत नाहीं ती मागून येणाऱ्या मोटारींची. बोपोडीजवळ मुळेवर १८९५ सालचा हॅरिस पूल आहे. तेथें वाहनांचा सारा लोंढा एकवटतो, आणि सायकलस्वारास कठड्याचा आसरा घ्यावा लागतो. दापोडीपुढें रस्ता रुंद होतो, पण ती रुंदी केवळ वेगाच्याच कामीं येते. डावीकडे वळणारी मोटार सरळ जाणाऱ्या सायकलीच्या आडवी येते. कड धरावी तर उभ्या गाड्यांचीं दारें अवचित उघडतात. कड सोडावी तर मागचा कर्णा कान फोडतो. रात्रपाळीहून परततांना समोरच्या प्रखर दिव्यांनीं डोळे दिपतात, आणि ते दोन क्षण स्वार आंधळाच असतो.

महानगरपालिकेनें २०१७ सालीं सायकल आराखडा मंजूर केला. कांहीं रस्त्यांवर सायकलमार्गही झाले. पण त्यांवर गाड्या उभ्या राहतात, आणि चौकापाशीं, म्हणजे नेमका हवा तेथेंच, मार्ग संपतो.

या वाटेवर आम्हांला भेटणारे सोबती बहुतेक पहारेकरी, गवंड्याच्या हाताखालचे मजूर, उपाहारगृहांतले आचारी. ते हौसेनें निघालेले नसतात. पेट्रोल परवडत नाहीं म्हणून निघालेले असतात. त्यांच्यापैकीं एखाद्याला घरीं परतण्यास उशीर झाला कीं त्याचीं मुलेंमाणसें दाराकडे डोळे लावून बसतात.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आतां मोटार आहे. सायकलीच्या पुढें जातांना निदान दोन हात जागा सोडावी, रात्रीं समोरचा दिवा खालीं करावा, आणि दार उघडण्यापूर्वीं मागें पाहावें. या तीन गोष्टींना कोणत्याही आराखड्याची मंजुरी लागत नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्या स्वतः पाळाव्या आणि गाडी शिकणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच दिवशीं सांगाव्या.